प्राज्ञांचा संघ आणि संघाची प्रज्ञा

ज्ञानसाधना हेच ज्याचे व्रत आणि अज्ञाताचा शोध हीच ज्याची उपासना, अशा विद्वानांच्या संघाची कल्पना अनेक साहित्यिकांना मोह घालीत आली आहे. जर्मन कादंबरीकार हेरमान हेस्से आपल्या वाचकांना ‘सिद्धार्थ’मुळे परिचित आहे. त्याने १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या कादंबरीत कास्तालिया नावाचा असाच एक प्रांत उभा केला. तेथील विद्वान संसार मांडीत नाहीत, संपत्ती बाळगीत नाहीत. संगीत, गणित आणि सर्व शास्त्रे यांना एका सूत्रात ओवणारा एक सूक्ष्म बौद्धिक खेळ खेळण्यात त्यांचे आयुष्य जाते. सभोवतालचा देश त्यांना पोसतो. ते मात्र नवे असे काही निर्माण करीत नाहीत, पूर्वजांनी निर्मिलेल्याचीच निर्दोष मांडणी करीत राहतात. कथेचा नायक या संघाच्या सर्वोच्च पदी पोहोचतो आणि अखेरीस ते पद सोडून एका मुलाचा शिक्षक व्हायला बाहेर पडतो. संघाच्या विद्वत्तेविषयी हेस्सेला शंका नाही. ती विद्वत्ता कोणाच्या अन्नावर चालते आणि कोणाच्या उपयोगी पडते, ही त्याची शंका आहे.

बौद्ध वाचकाला ही शंका नवी वाटण्याचे कारण नाही. भिक्षा मागून जगणाऱ्या आणि बदल्यात धम्मदान करणाऱ्या संघाचा व्यवहारच मुळी या प्रश्नावर उभा आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय युरोपातील कल्पित संघ नव्हे. आपल्या महाराष्ट्रात, कृष्णेच्या काठी, असा एक ज्ञानव्रतींचा समुदाय विसाव्या शतकात प्रत्यक्ष नांदून गेला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेविषयी आपल्या नियतकालिकांतून जे लिहिले जाते ते बहुधा एक तर आदराने केलेले स्मरण असते किंवा एका वाक्यात केलेला निकाल. ‘ब्राह्मणी पंडितांची पाठशाळा’ एवढे म्हणून पुढे गेले की अभ्यासाचे कष्ट वाचतात. या परंपरेकडे बौद्ध दृष्टीने पाहावयाचे तर तिचे मोठेपण आधी नीट मोजले पाहिजे, आणि मग विनयाचा निकष लावला पाहिजे.

प्राज्ञपाठशाळेचे प्रवर्तक नारायणशास्त्री मराठे हे मीमांसेचे असामान्य पंडित. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ हे एकच काम एखाद्या विद्यापीठाला भूषणावह ठरले असते. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे साबरमतीहून रजा घेऊन वाईला शिकावयास आले ते यांच्यापाशीच. त्यांचे पट्टशिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ साली धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा. लहान वयातच ते वाईस आले आणि १९२३ मध्ये कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी मिळवून वाईसच राहिले. धर्मशास्त्राची सर्व वचने विषयवार एकत्र आणणारा ‘धर्मकोश’ त्यांनी हाती घेतला. त्याच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली निघाला. स्मृतींमध्ये परस्परविरोध किती आहे हे या कोशाइतके स्पष्टपणे कोणत्याही सुधारकाच्या भाषणातून दिसत नाही. वचने शेजारीशेजारी छापली की सनातनत्वाचा दावा आपोआप ढासळतो. हे शास्त्रीजींनी जाणूनबुजून केले असे म्हणण्यास जागा आहे. कारण १९३२-३३ मध्ये अस्पृश्यतानिवारणाच्या वादात गांधीजींच्या बाजूने शास्त्राधार मांडणारे तेच होते, आणि १९३३ साली देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यांनीच केले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा स्वीकार करून ते जडवादाच्या जवळ गेले. ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिणारा पंडित पाठशाळेतूनच निघाला, ही गोष्ट निकाल देण्यापूर्वी ध्यानात घेतली पाहिजे.

या समुदायाने केलेले सर्वांत मोठे वळण मात्र भाषेचे आहे. संयुक्त महाराष्ट्राची स्थापना झाल्यावर १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थांकडे आले. हे घडवून आणणारे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ पूर्वी सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे नव्हतेच. मराठी विश्वकोशाचे काम मुंबईत किंवा पुण्यात न जाता वाईस आले, त्याचे कारण तर्कतीर्थ वाईस होते, याखेरीज दुसरे संभवत नाही. १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. वीस मुख्य खंडांची योजना पुरी होण्यास २०१५ साल उजाडले. संस्कृतात बोलणाऱ्या पंडितांच्या गावात अणुविज्ञानापासून कीटकशास्त्रापर्यंत सारे मराठीत लिहिले जाऊ लागले, हे आपल्या भाषेच्या इतिहासातील नवलच म्हणावे लागेल.

येथे विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या एका प्रसंगाची आठवण अपरिहार्य आहे. यमेळु आणि तेकुल हे जन्माने ब्राह्मण असलेले, गोड वाणीचे दोन भिक्षू तथागतांकडे येऊन तक्रार करतात की नाना कुळांतून व नाना गोत्रांतून आलेले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत म्हणून बिघडवीत आहेत. आम्ही ते छंदांत बांधतो. तथागतांनी ही सूचना फेटाळली आणि ‘स्वतःच्या भाषेत’ शिकण्याची मुभा दिली. ‘स्वतःच्या’ म्हणजे कोणाच्या, हा जुना वाद आहे. बुद्धघोषाचार्यांनी तिचा अर्थ बुद्धाची स्वतःची म्हणजे मागधी भाषा असा केला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना शिकणाऱ्याची स्वतःची भाषा हाच अर्थ प्रशस्त वाटतो. तक्रारीचा संदर्भ पाहता मला दुसरा अर्थच पटतो. तक्रार बोलीभेदाची होती. उत्तरात सर्वांना एकच बोली सांगितली असती तर तक्रारदारांचे म्हणणे अर्धे मान्य झाल्यासारखे झाले असते.

या निकषावर विश्वकोश उतरतो का? अर्धाच उतरतो. नोंदी मराठीत आल्या; परंतु पारिभाषिक संज्ञा घडविताना संस्कृत धातूंचाच आश्रय बहुतांशी घेतला गेला. शास्त्रीय परिभाषेला नेमकेपणा हवा आणि संस्कृतात शब्द घडविण्याची सोय मोठी आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि लोहार, सुतार, चांभार, कोष्टी, शेतकरी यांच्या तोंडी असलेली अवजारांची, मातीची, रोगांची, बियाण्याची समृद्ध मराठी शब्दसंपत्ती परिभाषेच्या दाराशी थांबली. यमेळु आणि तेकुल यांनी मागितलेले छंद नाकारले गेले, पण त्यांचा कान शिल्लक राहिला.

आता तर्कतीर्थांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ हा पुणे विद्यापीठातील व्याख्यानांवर आधारलेला ग्रंथ १९५१ साली आला आणि १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा मराठीतील पहिला पुरस्कार त्याला मिळाला. बौद्ध आणि जैन यांच्या कार्याला त्यात स्वतंत्र व मानाचे स्थान आहे. त्यात कोठेही हेटाळणी नाही. बुद्धाच्या बुद्धिवादाविषयी लेखकाला मनःपूर्वक आदर आहे. तो शब्दाशब्दांतून जाणवतो. आक्षेप आदराच्या अभावाबद्दल नाही, तो ग्रंथाच्या शीर्षकातच आहे. ‘विकास’ हा शब्द एकदा स्वीकारला की बीज वैदिकांचे आणि फळ बुद्धाचे ठरते. मग बुद्धाने यज्ञ नाकारला, वेदांचे प्रामाण्य नाकारले, आत्मा नाकारला, तरी ते सारे नकार त्याच झाडाच्या फांद्या म्हणून मोजले जातात. विरोधकाला वारस ठरविण्याची ही पद्धत सौम्य आहे, म्हणूनच तिचा प्रतिवाद अवघड होतो.

बाबासाहेबांची मांडणी नेमकी उलट आहे. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ हे त्यांचे अपुरे राहिलेले लेखन १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या तिसऱ्या खंडात समाविष्ट झाले. त्यात बौद्ध धम्म ही क्रांती आणि ब्राह्मणी सत्तेचे पुनरुत्थान ही प्रतिक्रांती आहे. या दोन मांडण्यांपैकी एक निवडून दुसरी टाकणे सोपे आहे, आणि आपल्या सभांतून तसेच होते. पण समीक्षकाला एवढ्यावर थांबता येत नाही. विकासवादी म्हणेल की कर्म, निर्वाण, श्रमण, ब्राह्मण हे शब्द दोन्हीकडे आहेत. धम्मपदाचा अखेरचा वग्ग तर ब्राह्मणाचीच लक्षणे सांगतो. हे खरे आहे. परंतु त्या वग्गात ब्राह्मण कोणाला म्हणावे याची कसोटी जन्मावरून उचलून आचरणावर ठेवलेली आहे. शब्द तोच राहिला आणि त्याचा मालक बदलला. शब्दांचा इतिहास लिहिणाऱ्याला येथे सातत्य दिसेल. ज्याला त्या शब्दाने दाराबाहेर ठेवले होते त्याला येथे तोडलेली कडी दिसेल. तर्कतीर्थ शब्दांच्या इतिहासाचे अद्वितीय जाणकार होते. दाराच्या इतिहासाकडे त्यांचे लक्ष कमी गेले, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

दाराचा इतिहास म्हणजे प्रवेशाचा इतिहास. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुलाभिमान गळेल. ही कथा आपल्या प्रवचनांतून नेहमी सांगितली जाते आणि बहुधा तेथेच संपविली जाते. तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न उपालीला विचारले गेले आणि त्याने दिलेली उत्तरे संघाने प्रमाण मानली. न्हाव्याला संघात घेतले, एवढ्यावर हे थांबले नाही. कायद्याचा अधिकारी पुरुष तोच ठरला. ज्ञानव्रती संघाला लावावयाचा निकष येथून मिळतो. बाहेरच्याला वाचक म्हणून आत घेणे आणि त्याच्या उत्तराला प्रमाण मानणे, यांत अंतर आहे.

अर्थात आपला संघही निष्कलंक नव्हता. महावग्गात ऋणको, दास आणि राजाच्या सैनिकांना प्रव्रज्या देण्यास मनाई आहे. म्हणजे धनको, मालक आणि राजा यांची तक्रार येऊ नये याची काळजी संघाने घेतली. भिक्षुणींवर आठ गुरुधर्म लादले गेले. शंभर वर्षांच्या भिक्षुणीने त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे असा नियम झाला. वाईला निकष लावताना हे आपण दडवून ठेवणार असू तर त्या समीक्षेला अर्थ नाही.

वाई ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, सातारच्या सरकारी शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची नोंद झाली. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. वर्गात त्याला वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईच्या शाळेत त्याला संस्कृत शिकावयाचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ १९४६ साली लिहिताना प्रस्तावनेत बाबासाहेबांना आपल्या संस्कृतच्या मर्यादेचा खुलासा करावा लागला आणि आपण अनुवादांवरून हे साहित्य अभ्यासिले असे सांगावे लागले. ज्या काळात वाईस स्मृतिवचनांचे खंडामागून खंड सिद्ध होत होते त्याच काळात त्या वचनांचा सर्वांत मर्मग्राही वाचक इंग्रजी भाषांतरांवरून काम करीत होता. दोन्हीकडची विद्या एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर होती. त्या एकत्र आल्या असत्या तर धर्मकोशाच्या संपादनात कोणते प्रश्न विचारले गेले असते, याची कल्पना करून पाहावी. आणि तरीही बाबासाहेबांनी संस्कृतचा द्वेष केला नाही. १९४९ मध्ये संस्कृत ही राजभाषा व्हावी या सूचनेच्या पुरस्कर्त्यांत ते होते. पुढे भारतीय संविधानाचा संस्कृत अनुवाद झाला, त्यात तर्कतीर्थांचा महत्त्वाचा वाटा होता. सातारच्या शाळेत दूर बसविलेल्या मुलाने सिद्ध केलेला कायदा वाईच्या पंडिताने देववाणीत नेला. हा योग इतिहासाने साधला. पाठशाळेने किंवा संघाने योजून तो घडविला नव्हता.

बाबासाहेबांचा कल्पित संघ मात्र अजून कल्पितच आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावर लिहिलेला निबंध या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. तत्कालीन भिक्षूंपैकी बहुसंख्यांपाशी विद्याही नाही आणि सेवाही नाही, अशी कठोर टीका त्यात आहे. भिक्षू थोडे असावेत पण उच्चशिक्षित असावेत, आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांपासून, विशेषतः जेझुइट संघापासून, काही गोष्टी घ्याव्यात, असेही तेथे सुचविले आहे. त्याच वर्षी औरंगाबादेस निघालेल्या महाविद्यालयाला पुढे त्यांनी मिलिंदाचे नाव दिले. परिसराला नागसेनवन म्हटले आणि विद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले, यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. सामान्यतः संस्था उत्तर देणाऱ्याच्या नावाने निघतात.

संघ कोण पोसतो, हा हेस्सेचा प्रश्न राहिला. नालंदेच्या निर्वाहासाठी ह्युएनत्संगाच्या काळी शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते आणि इत्सिंगाच्या वेळी ती संख्या दोनशेवर गेली होती, असे या प्रवाशांच्या वृत्तांतांवरून कळते. द्वारपाल प्रवेशेच्छूंना अवघड प्रश्न विचारी आणि बहुतेकांना परत पाठवी. निकष जन्माचा नव्हता, पण गावे ज्यांची होती त्यांच्यापैकी किती जण त्या दारापर्यंत पोहोचले असतील? विश्वकोशाला शासनाचा म्हणजे करदात्यांचा पैसा मिळाला. तोही एका अर्थी गावांचाच पैसा. या बाबतीत सातारा जिल्ह्यातच दुसरा एक नमुना उभा राहिला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालणारे वसतिगृह चालविले. भाऊरावांचे घराणे जैन, मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. रयतेचे आजीव सेवक हाही एक व्रतस्थांचा संघच होता. त्यांनी कोश रचले नाहीत, कोश वाचू शकणारी माणसे घडविली. वाईने ग्रंथ दिले आणि रयतेने वाचक दिले, पण त्यांच्यामध्ये पूल क्वचितच बांधला गेला. रा. ग. जाधव यांच्यासारखा समीक्षक विश्वकोशात काम करीत वाईस राहिला आणि ‘निळी पहाट’ या ग्रंथातून दलित साहित्याकडे आस्थेने वळला, हा त्या पुलाचा एक दगड. आटपाडीच्या महारवाड्यातून निघून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेलेले शंकरराव खरात हा दुसऱ्या तीरावरचा.

धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण येथे घेतल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांना कोणत्याही पाठशाळेने घडविले नाही. गोव्यातील साखवाळहून निघून ते सिंहलद्वीपास जाऊन पाली शिकले. कलकत्त्यात मिळू शकणारा अडीचशे रुपयांचा पगार सोडून, महाराष्ट्रात राहून लिहिता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा पन्नास रुपये पत्करले. मराठीतील बौद्ध विद्येचा पाया एका एकट्या माणसाच्या अशा व्यवहारावर उभा आहे. त्याच काळात वाईस मीमांसेसाठी गुरू, शिष्य, ग्रंथालय आणि पुढे मुद्रणालय, असे सारे एकत्र होते. म्हणूनच तेथे शिष्यांनी गुरूंचे काम पुढे नेले. कोसंबींच्या मागे असा समुदाय उभा राहिला नाही, आणि त्याची जबाबदारी वाईवर टाकता येणार नाही.

आपल्या विहारांकडे पाहिले तर वंदना होते, जयंती होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. हे सारे आवश्यकच आहे. पण पाली व्याकरणाचा नियमित वर्ग, चार माणसांना बसून अभ्यास करता येईल अशी खोली आणि तेथे हाताशी असलेली तिपिटकाची नागरी आवृत्ती, इतके साहित्य असलेले विहार सातारा-सांगलीकडे किती निघतील? ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाचे खंडन करावयाचे तर ते व्यासपीठावरून होणार नाही. तेवढ्याच तोलामोलाचा, मूळ पाली व संस्कृत आधारांवर रचलेला दुसरा ग्रंथ लागेल. त्यासाठी दहा-पंधरा वर्षे एका जागी बसणारी माणसे लागतील आणि त्यांना पोसणारा समाज लागेल.

कामाची सामग्री जवळच आहे. वाईच्या उत्तरेस लोहारे येथील लेण्यात स्तूपाचे रूपांतर शिवलिंगात झालेले दिसते. शिरवळ व पाटण येथेही लेणी आहेत. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक साधी, अलंकारविरहित लेणी आहेत. करहाकट हे कराडचे प्राचीन नाव दूर भारहूतच्या कठड्यावर दात्यांमध्ये कोरलेले आहे, आणि कोकणातील कुडे येथील एक लेणे करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले असे तेथील लेख सांगतो. तो लेख प्राकृतात आहे, ब्राह्मी लिपीत आहे. महिकाच्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याला तो स्वतः वाचता यावा म्हणून लिपीचा आणि प्राकृताचा वर्ग कराडच्या एका विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी चालविता येईल. त्याला लागणारी पाटी, खडू आणि शिलालेखांचे ठसे यांचा खर्च एका जयंतीच्या मंडपापेक्षा कमीच येईल.